पश्चात्ताप म्हणजे रडणं का?

गेल्या रविवारी संडेस्कूलमध्ये एका नऊ वर्षांच्या पोट्ट्यानं विचारलं, "ताई, मला रडूच आलं नाही तर देव माफ करन का?" आदल्या दिवशी बहिणीची पेन्सिल तोडली होती त्यानं, तुकडे अजून खिशात होते, मला काढून दाखवले.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. पश्चात्ताप म्हटलं की आपल्याला त्यातला 'ताप'च दिसतो, मागाहून होणारी जळजळ. पण बायबलमधल्या मार्क 1:15 मध्ये येशू "पश्चात्ताप करा" म्हणतो तिथे ग्रीकमध्ये मेटानोइयाचं क्रियापद आहे, म्हणजे मनच बदलणं. लॅटिन बायबलमध्ये त्याचं जे भाषांतर झालं ते लोक पुढे "प्रायश्चित्त करा" असंच वाचायला लागले, म्हणजे एक विधी उरकला की झालं, आणि 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं चर्चपुढे मांडलेल्या 95 मुद्द्यांतल्या पहिल्याच मुद्द्यात सांगितलं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. हिब्रूमध्ये तर संदेष्टे 'शूव' म्हणतात. शूव म्हणजे परत फिरणं. आपल्या नागपुरी भाषेत सरळ, वापस येणं!

मग मी त्याला विचारलं, सदरवरून शंकरनगरला निघालो अन् चुकून कामठी रोडला लागलो, तर गाडी बाजूला लावून रडत बसलो तर पोचू का? म्हणे नाही, यू-टर्न मारा लागते. बस, एवढंच.

रडूच नये असं नाही म्हणून राहिली मी. बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचताना माझेही डोळे भरतात. पण रडणं ही काही फी नाही, की भरली तरच माफी मिळेल.

उधळ्या पुत्राची गोष्ट परत वाचा, लूक 15. बापाकडून वाटा घेऊन घर सोडलेला, सगळं उधळून बसलेला तो पोरगा डुकरांजवळ बसून बापाला काय म्हणायचं ते पाठ करतो, शेवटचं वाक्य असं की मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा. बाप त्याला दूरवरूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, पोरगा बोलायला लागतो आणि ते मजुराचं वाक्य तोंडातून निघायच्या आधीच बाप चाकरांना सांगतो, चांगला झगा आणा. कृपा या शब्दाचा अर्थ मला तिथेच कळतो, त्या न बोललेल्या वाक्यात. पोरगा फक्त वळला होता, धावला बाप.

क्लास सुटल्यावर तो पोट्टा बहिणीजवळ गेला, खिशातले तुकडे तिच्या हातावर ठेवले. रडला नाही.