दिवाळी अंकांपलीकडे कथा कुठे पाठवायची: पावसाळ्यातली नोंद

या महिन्यात नवं लिखाण बाजूला ठेवून लिहून झालेल्या कथांसाठी जागा शोधल्या. दिवाळी अंक आपल्या हातात ऑक्टोबरात येतो, पण त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू झालेली असते. बहुतेक आवाहनं मे-जूनमध्ये येतात आणि ऑगस्टपर्यंत साहित्य घेणं थांबतं. गणपतीत पूर्ण झालेली कथा पुढच्या वर्षीची समजायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी आवाहनं मी जपून ठेवते, पण खरा शोध लागला तो वाचनालयात, जुने अंक चाळताना. आधी अनुक्रमणिका बघायची: नामवंतांच्या मध्ये नवी नावं दिसतात का? मग कथा साधारण किती पानांच्या आहेत ते. 'आवाज'ला विनोद लागतो, 'धनंजय'ला रहस्य आणि गूढ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या अंकांचा स्वभाव मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. न वाचलेल्या अंकाला कथा पाठवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली नजर दिवाळीकडेच जाते. बारमाही निघणाऱ्या नियतकालिकांकडे त्यामानाने कमी लेखक वळतात, आणि मला तीच जास्त मोलाची वाटतात. कवितेसाठी पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये धुळ्यातून सुरू केलेलं 'कवितारती' आहे. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' ही नावं यादीत हवीतच. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून. 'साधना'चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंकही वेगळे निघतात.

स्पर्धांमध्ये माझा ओढा मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडे आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपुढे फक्त कथा असावी ही त्यांची इच्छा मला फार आवडते, म्हणून लेखकाचं नाव वेगळ्या कागदावर मागणाऱ्या स्पर्धा मी आधी निवडते.

पाठवण्याआधी नियमावलीत दोन गोष्टी बघते. एक, पूर्वप्रसिद्धीची अट: फेसबुकवर टाकलेली कथाही अनेकजण प्रसिद्ध झालेली धरतात. दुसरी, प्रवेश शुल्क. शुल्क घेऊन सगळ्यांना प्रमाणपत्र वाटणाऱ्या आणि परीक्षकांची नावं न सांगणाऱ्या स्पर्धा मी यादीतून काढल्या. फाइल युनिकोडमध्ये, वर्डमध्ये. पीडीएफ मागितली तरच. आणि एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. उत्तराला महिने लागतात, म्हणून वहीत तारीख टिपून ठेवते आणि दिवाळीनंतरच विचारते.

सध्या एक दीर्घकथा एका दिवाळी अंकाकडे आहे, पोच आली आहे. 'किशोर'साठीची बालकथा पुन्हा लिहायला घेतली: आजोबा फार बोलत होते, आता सुरुवात नातीच्या तोंडून होते. कोकणातून किंवा गोव्यातून निघणारे, नव्यांच्या कथा छापणारे बारमाही अंक तुमच्या वाचनात असतील तर नक्की कळवा.