तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मधेच बंद पडते, काय बदलू?

जुनी गाडी सांभाळतो म्हटल्यावर सोसायटीत, नातेवाईकांत, कामावर सगळीकडे मला हा एकच प्रश्न येतो. गाडी चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते, गॅरेजला नेली तर दिवसभर एकदाही बंद पडत नाही, तर आता काय बदलू? प्लग, बॅटरी की पंप?

आत्ता काहीच बदलू नका. आधी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायचा मीटर) मोजा, आणि फॉल्ट हजर असताना मोजा. कारण अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये पार्ट बदलला आणि आठवडाभर गाडी नीट चालली तर ती पार्टमुळे चालली का आपोआप हे कोणालाच कळत नाही, आणि मग आमच्या नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला परत तेच. लोकांचे असे हजारो रुपये गेलेले बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा खाली सापडतो तो एक सैल नट नाहीतर गंजलेली वायर.

पहिली गोष्ट, बंद कशी पडते ते नीट बघा. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प होत असेल तर बहुतेक करंटची भानगड. आधी झटके, मग पिकअप जातो, मग हळूहळू बंद, असं असेल तर पेट्रोलकडे संशय जातो. बंद पडताना डॅशबोर्डचे सगळे दिवे गेले, घड्याळ शून्यावर आलं, तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि तिथून येणारी मेन लाइन आधी धरा. बंद पडल्यावर लगेच बोनेट उघडायची घाई नको, चावी ऑन करा आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. लागला नाही तर ईसीएमला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सप्लायच येत नाहीये, म्हणजे मेन रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), फ्यूज किंवा इग्निशन स्विच. दिवा लागला तर मागच्या सीटखाली कान द्या, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये चावी ऑन केल्यावर दोनेक सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. तो नसेल तर पंपाचा रिले, वायर किंवा पंप. एवढं त्या दहा मिनिटांत बघितलं की अर्धं काम झालं.

आता अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला करंट परत नेणारी जोडणी. याच्यावर मी जरा जास्त बोलतो कारण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त हेच निघतं आणि सगळ्यात शेवटी हेच बघतात. माझ्या मारुती झेनचंच सांगतो, उन्हाळ्यात नाशिकच्याच द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये हमखास बंद पडायची आणि हायवेने पिंपळगावपर्यंत जाऊन या, काही नाही. पंप गरम होतो असं जो तो सांगायचा. पण लक्ष देऊन ऐकल्यावर कळलं की बंद पडायच्या अगदी आधी रेडिएटरचा फॅन सुरू होतो, हायवेला वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतो म्हणून तिथे फॅनची वेळच येत नाही. मग गाडी उभी ठेवून तापवली, मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. फॅन सुरू होताना आकडा तीन व्होल्टच्या वर उडी मारायचा. तिथे ०.१-०.२ च्या वर काही दिसायलाच नको. बॅटरीपासून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या वायरचा नट काढला तर खाली नुसता गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन लग (वायरीच्या टोकाची रिंग) लावला, नट आवळला, वरून ग्रीस. पंप आजही तोच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, वायर सलग आहे का बघताना वाजणाऱ्या मीटरच्या बीपवर विश्वास ठेवू नका. वायर आतून तुटत आलेली असते, एखाद-दोन तारा शिल्लक असतात आणि बीप वाजायला तेवढ्या पुरतात. पण सेल मारताना स्टार्टर शंभर अँपिअरच्या पुढे ओढतो, ०.०१ ओहम म्हणजे कागदावर काहीच नाही, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. म्हणून लोड चालू असतानाच व्होल्टेज मोजायचं. बाकी आकडे सोपे आहेत, रात्रभर उभ्या गाडीची चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४, आणि सेल मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. चालू गाडीत १३ च्या खालीच राहत असेल तर डायनॅमो आणि त्याचा पट्टा बघा.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू असं असेल तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) नंबर वर येतो. रिलेच्या आत सोल्डरला बारीक तडा असला तरी हेच होतं. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बऱ्याचदा मेन किंवा पंपाच्या रिलेच्याच नंबरचा असतो, नंबर जुळवून अदलाबदल करा, फॉल्ट हॉर्नकडे गेला तर चोर सापडला. फक्त पावसातच, म्हणजे घोटी-इगतपुरीकडे गेलं की मिसिंग (इंजिन झटके खाणं) येत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर बारीक पाणी फवारा आणि लांबूनच बघा, निळी ठिणगी उडताना दिसते. हात लावू नका.

आणि बाहेरून बसवलेला रिमोट अलार्म किंवा सीएनजी किट असेल तर आधी तिकडेच वळा. मूळ वायर कापून पिळलेले आणि टेपने गुंडाळलेले जोड पाच-सात वर्षांत सैल होतातच. गाडी चालू ठेवून कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) आणि टेपचे जोड एकेक करून हलवा, ज्याला हात लावल्यावर इंजिन अडखळतं तो धरा.

स्कॅनरचं पण विचारतात. ओबीडी-२ (गाडी स्वतःच फॉल्टचे कोड नोंदवते ती पद्धत, स्कॅनर तेच वाचतो) आपल्याकडे २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना साधा स्कॅनर लागतच नाही, आणि लागला तरी सैल नटाचा कोड येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये काम करणारा कोणीतरी तुमच्या ओळखीत असेलच, त्याच्याकडून मीटर धरायला शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

फॉल्ट सापडेपर्यंत कसारा घाटात मात्र ती गाडी नेऊ नका, कळकळीने सांगतो. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. चालत्या गाडीत झालंच तर चावी लॉकला नेऊ नका, ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा, हॅझार्ड लावा आणि डावीकडे घ्या.

गॅरेजला देताना नुसतं बंद पडते म्हणू नका. कधी, किती गरम असताना, फॅन की एसी चालू होता, टाकीत पेट्रोल किती, दिवे गेले का राहिले, हे कागदावर लिहून द्या, शेजारी बसलेल्याने डॅशबोर्डचा व्हिडिओ काढला असेल तर तो दाखवा. आणि वायरमनला सांगून ठेवा की कुठलाही पार्ट टाकायच्या आधी फोन करून मीटरवर काय आलं ते सांगायचं.