गणिताच्या वहीचं शेवटचं पान

"मॅडम, आज त्याची बॅग बघा ना." हजेरी चालू असताना वही दाखवायच्या निमित्ताने एक मुलगी टेबलाशी येऊन एवढंच पुटपुटली.

मी सातपूरला नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गासमोर बॅग उघडायची नाही, हे मी कटाक्षाने पाळते. नकाशे आणायला म्हणून त्याला बाहेर नेलं, बॅग शिपाई मामांनी मागच्या मागे उचलली. टॉवेलात कोयता होता. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, सावकाश, एकसारखी गुंडाळलेली. त्या पट्टीवरून माझी नजर हटेना.

"मारणार नव्हतो मॅडम. नुसता दाखवणार होतो."

साध्या कपड्यातले बालकल्याण पोलीस अधिकारी आले, त्याच्याशी नीट बोलले. स्टाफरूममध्ये मात्र एक सर म्हणाले, "असली पोरं तोंडावरूनच कळतात." साफ चूक! अमेरिकेत सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० मधले ३७ शाळा-हल्ले तपासले. २००२च्या त्या अहवालात हल्लेखोराचा ठरावीक साचा सापडलाच नाही. सापडलं ते हे, की ८१ टक्के घटनांत कुणाला तरी, बहुतेकदा बरोबरीच्या मुलांना, आधी कल्पना होती.

रात्री हजेरीपत्रक घेऊन बसले. दिवाळीनंतर तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर. त्या दिवशी खेळाचा तास असतो. तिघं जण मैदानामागे त्याचा डबा मातीत ओतायचे. वडिलांचं कंपनीतलं काम सुटल्याचं क्लार्कला फीमुळे ठाऊक. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या तिघांची नावं, पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलाय. गणिताच्या बाईंनी ते पाहून "वही खराब करू नये" असा शेरा मारलाय. लाल शाईत, तारखेसकट. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. मी वर्गशिक्षिका, ते जोडणं माझंच काम होतं.

शाळेने वडिलांकडून अर्ज लिहून घेऊन चार दिवसांत शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. मी विरोध केला, ऐकलं नाही कुणी. ते तिघं माझ्याच वर्गात आहेत. परवा ती मुलगी म्हणाली, "मी सांगितलं म्हणून त्याला काढलं ना? आता नाही सांगणार कुणाचं."

त्याची नवी शाळा कुठली ते काढलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथल्या वर्गशिक्षिकेला भेटायला जाणार आहे, वही घेऊन. त्या मुलीलाही सोबत नेऊ का, ते अजून ठरत नाही.