सातशेचा कॉल

शेअर ब्रोकरच्या सांगलीच्या ऑफिसात ऑप्शन समजावताना मी सगळ्यांना इसाराचं उदाहरण द्यायचो. प्लॉटला इसार दिला, भाव चढला तर खरेदीखत करायचं, पडला तर इसारावर पाणी सोडायचं. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे घेण्याचा हक्क. त्याचं तसंच, त्यासाठी मोजायचा प्रीमियम म्हणजे इसार. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत्यांना, आमच्या शेठना, हे फारच पटलं. आधी निफ्टीचे, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाचे, कॉल घेऊन हात बसवला, मग एका कंपनीच्या शेअरचा घेतला. स्ट्राइक, म्हणजे ठरलेला भाव, ७००, प्रीमियम शेअरमागे ९ रुपये, लॉट १,००० शेअर्सचा. गुंतवले ९,००० रुपये.

एक्स्पायरीचा, म्हणजे कॉलची मुदत संपायचा, गुरुवार होता. (एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी असते, हे त्याआधीचं.) पावणेदोनला आमच्या मुंबईच्या रिस्क डेस्कचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या जोखमीवर नजर ठेवणाऱ्यांचा, फोन आला. "खात्यात पैसे नाहीत. डिलिव्हरी घेणार आहेत का हे?" शेअर ७०४ वर होता.

शेठना लगेच फोन लावला. मागे हमालांचा गलका.

"अहो, नऊ हजार गेले तर गेले! इसार बुडतो, तुम्हीच सांगितलंत ना?"

सांगितलं होतं खरं, पण अर्धंच. निफ्टीचा ऑप्शन संपला की फरकाचे पैसे होऊन विषय मिटतो. शेअरच्या ऑप्शनचं ऑक्टोबर २०१९ पासून तसं राहिलेलं नाही. बंद भाव स्ट्राइकच्या वर राहिला तर कॉलवाल्याच्या अंगावर शेअर येतातच. नको म्हणायची सोय नाही. खरेदीखत आपोआप होतं म्हणा ना. ७०० गुणिले १,०००, सात लाख रुपये. शेवटचे चार दिवस मार्जिन, म्हणजे खात्यात ठेवायची अनामत, रोज चढत होतं, तसे मेसेजही जात होते. शेठ ते कर्जाच्या जाहिरातींबरोबर पुसून टाकत होते.

"मग विका की!"

विकायला गिऱ्हाईक हवं. घेणारा २ म्हणतोय, विकणारा ७, आणि मधे काहीच नाही.

"चारचा माल दोनला? यार्डात असा सौदा केला तर पोरं हसतील मला."

मी ३.९० ची लिमिट लावली, त्याखाली विकायचं नाही. हलेना. ३.६० केली. तेवढ्यात शेअर ७०२ वर आला, आमची ऑर्डर तशीच लटकलेली. तीन वाजले. आता घोर वेगळाच: बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी. ७०१ ला घुटमळणारा शेअर ७०० च्या वर ठरणार की खाली, साडेतीनशिवाय कळायचं नाही. शेठ फोन धरून होते, पण आता भावाबद्दल चकार शब्द नाही. ३ वाजून ११ मिनिटांनी २.३० ला सौदा झाला. खर्च जाऊन दोन हजारांच्या वर हाती आले.

बंद भाव आला ६९८.८५.

संध्याकाळी शेठ स्वतः ऑफिसात आले. बोटं पिवळीच होती, चहाच्या कपालाही रंग लागला.

"म्हणजे थांबलो असतो तरी सात लाख लागले नसते?"

"नसते लागले. पण कॉल शून्य झाला असता."

त्यांनी चहा संपवला. "मग आपला माल घेतला कुणी?"

स्क्रीनवर नाव येत नाही, भाव आणि नग एवढंच दिसतं. बहुतेक आधी कॉल विकून बसलेला कुणीतरी असेल, म्हटलं. शेअर द्यायला लागू नयेत म्हणून मान सोडवून घेत असेल.

"म्हणजे तोही घाबरलेलाच," शेठ म्हणाले आणि दुसरा चहा सांगितला.