मिसळीचा कोरम

सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम लागतो आणि तो वेळेवर कधीच भरत नाही. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच विषयांवर, आलेल्या सात-आठ डोक्यांनिशी पुन्हा सुरू होते. नियमात ते बसतं. मिसळीच्या बाबतीत असली सवलत नाही. मिसळीला चौघं लागतात. तिघांत भागतं, पण मजा तहकूब सभेइतकीच. पाचवा आला तर त्याच्यासाठी टेबलाच्या कडेला जादा खुर्ची लावावी लागते, ती नेमकी येण्याजाण्याच्या वाटेत येते आणि रश्शाचं भांडं दर वेळी त्याच्या डोक्यावरून जातं. त्याचं निम्मं लक्ष मग वरच.

बाहेरच्या प्रत्येक खाण्याचा असा कोरम ठरलेला असतो, असं माझं मत पक्कं होत चाललं आहे. काय खायचं आणि कुठे खायचं यावर लोक तास तास बोलतात, पण किती जणांनी जायचं हे कुणी विचारात घेत नाही.

मिसळीला चौघं का, तर मिसळ हा मुळात वादाचा पदार्थ आहे. आमच्यात पुण्याची एक, म्हणजे मी. नारायण पेठेत बेडेकरांच्या मिसळीला किंचित गोडवा असतो आणि तो असायलाच हवा, या मतावरून मला आजवर कुणी हलवू शकलेलं नाही. दुसरा कोल्हापूरचा. त्याच्या लेखी ही मिसळ नसून पोराच्या डब्यात द्यायची उसळ आहे. त्यांच्याकडे रश्शाला कट म्हणतात आणि मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, त्यामुळे हा गडी पुण्यात बसून पावाकडे संशयाने बघत असतो. फडतरे, चोरगे की बावडा, यातली कुणाची मिसळ खरी, यावर तो सख्ख्या भावाशी भांडेल, पण पुणेकर समोर दिसला की तिघांची युती. तिसरी नाशिकची. तिला काळ्या मसाल्याचा रस्सा लागतो, त्याबरोबर पापड, दही, शेवटी जिलबी, आणि शक्यतो हे सगळं गावाबाहेरच्या मळ्यात, चुलीच्या धुरासकट. नाशिकला रविवारी सकाळी आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी घरं मिसळ खायला बाहेर पडतात आणि नाव लिहून ताटकळत बसतात, हे ती ज्या अभिमानाने सांगते त्या अभिमानाने कुंभमेळ्याबद्दलही बोलत नाही.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. तो ‘मला काही नको, मी खाऊन आलोय’ असं म्हणत येऊन बसतो. ना धड पुण्याचा, ना कोल्हापूरचा, म्हणून निवाडा त्याच्याकडे येतो. निवाडा करायचा तर चव घ्यावी लागते. चव घ्यायची तर नुसता रस्सा कसा घेणार, पाव हवा. प्रत्येकाची बाजू नीट ऐकून घेण्याच्या नादात तो बहुतेक वेळा आम्हा तिघांपेक्षा जास्त खातो आणि शेवटी ‘सगळ्याच आपापल्या जागी चांगल्या’ असा निकाल देतो. असा माणूस प्रत्येक टोळीत असतो आणि तो असावाच, नाहीतर वाद पेटणार कुणासमोर?

संगतीचा तिखटावर काय परिणाम होतो ते बघायचं असेल तर ठाण्याला मामलेदार मिसळीत जावं. मामलेदार कचेरीच्या शेजाराने हे नाव पडलं. तिथे तिखट, मध्यम की कमी, ते आधीच सांगायचं असतं. माणूस एकटा असला तर मुकाट ‘मध्यम’ म्हणतो. पण समोर ऑफिसातले तिघं बसलेत आणि त्यातल्या नवीन आलेल्या मुलीने शांतपणे ‘तिखट’ सांगितलं, की उरलेल्यांना माघार घेता येत नाही. मग दहा मिनिटांनी कपाळावरून घाम, डोळ्यांतून पाणी, आणि ‘छे छे, एवढी काही तिखट नाहीये’ हे शब्द जेमतेम बाहेर पडतात. ती मुलगी तोवर दुसरा पाव मागवते.

पाणीपुरीचा कोरमही चारचाच, पण कारण वेगळं. इथे गणित श्वासाचं आहे. गाडीवाल्याचा हात एका लयीत फिरतो. पुरीला अंगठ्याने भोक, रगडा, चिंचेचं पाणी, पुदिन्याचं पाणी, आणि द्रोणात. चौघं असले की आपली पुरी गिळून, डोळे पुसून, शेजारणीला ‘अगं, आज पाणी काय झालंय’ असं म्हणून होईपर्यंत बरोब्बर आपली पाळी येते. दोघंच असली तर बोलायला सवड नाही. एकट्या माणसाचे तर हालच, तोंडातली पुरी फुटायच्या आत पुढची द्रोणात, आणि गाडीवाला नजर रोखून उभा. सात-आठ जणं झाली की पाळीची वाट बघता बघता तोंडातली चव विझते, शिवाय कुणाची कितवी यावर भांडणं. खरं तर भांडायचं कारण नसतं. कुणाला गोड कमी, कुणाला कांदा नको, कुणाच्या किती झाल्या, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. आपण उगाच बोटं मोजतो. शेवटची कोरडी मसाला पुरी ज्याची त्याला मिळणारच.

माझी आत्या या चौकडीतली कायमची सभासद. तिच्या तरुणपणी बायकांनी बाहेर खाणं म्हणजे हॉटेलातल्या ‘फॅमिली रूम’मध्ये जाऊन बसणं. जुन्या इराण्यांकडे आणि उपाहारगृहांत फळ्यांनी किंवा पडद्याने आडोसा केलेले कप्पे असायचे, त्यांना भारदस्तपणे रूम म्हणायचे. आत्या नि काका लग्नानंतर तिथे जाऊन बटाटेवडा खायचे आणि पडद्याच्या फटीतून बाहेर कोण ओळखीचं आहे का ते बघायचे. ‘वड्याची चव काही आठवत नाही बाई, पडद्याचा रंग आठवतो,’ ती म्हणते. आता ती भर रस्त्यात द्रोण हातात घेऊन ‘भैया, मला तिखट कर’ म्हणते, आणि पुरी मोठी निघाली तर आजूबाजूला न बघता तोंडाचा मोठा आ करते. पाणीपुरी सभ्यपणे खाता येत नाही. म्हणून ती फक्त अशाच माणसांबरोबर खावी ज्यांच्यासमोर आ करायची लाज वाटत नाही. मुलगी बघायला आलेल्यांना कांदेपोह्यांऐवजी पाणीपुरी दिली असती तर किती लग्नं वाचली असती, की मोडली असती, कोण जाणे.

वडापाव एकट्याचा. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास तो सुरू केला असं सांगतात आणि स्टेशनाबाहेरच तो जन्मला यात नवल नाही. दुसऱ्या हातात पिशवी, तिसरा हात असता तर लोकलच्या दांड्याला. वडापाव खाताना बरोबर कुणी असलं तर उलट घास अडकतो, कारण बोलावं लागतं. भेळेचा कोरम मात्र जे हजर असतील तेवढा. भेळ थांबत नाही. ‘पाच मिनिटांत पोचतेय’ म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी ठेवलेली भेळ ती येईपर्यंत लगदा होते, तेव्हा ती खाऊन टाकणं हाच तिच्यावरचा उपकार.

इराण्याकडे दोघं. धोबी तलावचं १९०४ सालचं कयानी घ्या किंवा डेक्कनवरचं १९३५ सालचं गुडलक, संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि बनमस्का-चहा हे एकमेकांशी फारसं न बोलणाऱ्या दोन माणसांसाठीच केलेलं आहे. बन चहात बुडवायचा, मस्क्याचा तवंग वर येतो तो बघायचा, मधेच एखादं ‘हं’. ज्याच्याबरोबर इराण्याकडे न बोलता अर्धा तास बसता येतं तो आपला जुना मित्र. नव्या ओळखीच्या माणसाला तिथे नेऊ नये, तो बिचारा संभाषण करत बसतो आणि बन थंड होतो.

पावभाजीचं गणित कुणालाच सुटलेलं नाही, ते मी सोडून देते. भाजी उरते म्हणून जादा पाव, पाव उरतो म्हणून जादा भाजी, आणि हे थांबवायला तिसऱ्या कुणीतरी ‘बास आता’ म्हणावं लागतं. म्हणून तीन.

माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये, जे १९४२ सालापासून आहे, केळीच्या पानावर जेवायला बसलं की हा सगळा हिशेब बाद होतो. शेजारी अनोळखी माणूस, त्याच्या शेजारी अजून एक, आणि रस्समवाला येतो तेव्हा तिघांचीही पानावर एकसारखी धांदल. त्या माणसाशी आपण एक अक्षर बोलत नाही, पण त्याने लोणचं कशाबरोबर खाल्लं ते बघून आपणही तसंच खातो. गिरणगावातल्या खाणावळींत वर्षानुवर्षं हेच चालत असणार. ज्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या त्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथली जेवणाची संगत कुणी निवडलेली नव्हती, पाळी ठरवायची ती गिरणीच्या भोंग्याने. निवडलेल्या संगतीचं एवढं कौतुक सांगताना हे लक्षात असलेलं बरं.

बिल हा वेगळाच विषय आहे. आमच्या कॉलेजात टीटीएमएम होतं, तुझं तू माझं मी, आणि ते इतकं चोख की चहाच्या अर्ध्या कपाचेही पैसे वेगळे. पुढे नोकऱ्या लागल्यावर उलटं झालं, काउंटरसमोर ‘अरे ठेव, ठेव’ची झटापट. त्यातही एक जण पाकीट अशा बेताने काढायचा की ते खिशातून पूर्ण बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने पैसे दिलेले असायचे. २०१६ नंतर स्कॅनर आले आणि ही कला बुडाली. आता एक जण स्कॅन करतो आणि घरी पोचायच्या आत ग्रुपवर ‘प्रत्येकी एकशे चाळीस’ येऊन पडतं. त्याखाली ‘मी तर काही घेतलंच नव्हतं’ असा निवाडा करणाऱ्याचा मेसेज.

पण कोरमची खरी परीक्षा इंदूरला. तिथे माझा मामा राहतो, दोन पिढ्यांपासून इंदुरी मराठी, म्हणजे भाजीत शेव आणि मराठीत हिंदी सढळ हाताने. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. लोक सांगतात, खाणाऱ्यांच्या गर्दीने दुकानांची आपोआप राखण होते. असेलही, कारण त्या गर्दीतून चोराला पळायला वाट मिळणं कठीण. इथे चौघांनी जाऊन काही उपयोग नाही. भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू नावाचा कंद, हवेत उडवून झेललेला दहीवडा, साबुदाण्याची खिचडी, माव्याची जिलबी, रबडी. चौघांत तिसऱ्या गाडीपाशी पोट भरतं आणि अर्धी गल्ली बाकी राहते. म्हणून मामाचा नियम असा की दहा-बारा जणांशिवाय घरातून निघायचं नाही. कमी पडले तर शेजारच्यांची पोरं घ्यायची. एका गाडीवर दोनच प्लेट, प्रत्येकाला एक घास, आणि पुढे. ‘चल चल, रुकायचं नाही,’ असं ओरडत मामा सगळ्यात पुढे. मागे मामी उरलेलं संपवत येते, कारण टाकलेलं तिला बघवत नाही. त्यामुळे सराफ्यात सगळ्यात जास्त खाणं तिचंच होतं, आणि ‘मी कुठे काय खाल्लं’ हेही तीच म्हणते. पैसे मामा देतो. त्यावर चर्चा नसते. कुणी खिशात हात घातला तर तो ‘पाव्हणा आहेस की पार्टनर?’ असं विचारतो.

रात्री साडेबाराला रबडी झाली. कुणाच्याच पोटात तीळभर जागा नव्हती. मामाने सगळी टोळी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवली, डोकी मोजली आणि जाहीर केलं, ‘सकाळी पोहे-जलेबी. सात वाजता सगळे खाली. जो उठणार नाही तो घरी मामीच्या हातचा उपमा खाईल.’

मामी म्हणाली, ‘उपमा मीही खाणार नाहीये. मला पण मोज.’