एकवीस हजाराचा दाखला

नवरा गेला तेव्हा दोन मुलं, एक शिलाई मशीन आणि पतसंस्थेचं थोडं कर्ज एवढा संसार माझ्याकडे उरला. दहाव्यापासूनच जो येईल तो सांगायचा, ‘संजय गांधीचा फॉर्म भर.’ म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिना 1500 रुपये. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000च्या आत हवं. वर्षाचं बरं का, महिन्याला 1750 झाले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले तर तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, ‘ताई, ब्लाऊज शिवता ना? किती सुटतात?’ मी म्हटलं, लग्नसराईत चार-पाच हजार. ‘मग मी एकवीस हजार कसं लिहू?’ त्यांचंही चुकलं नाही. पण 1750 रुपयांत दोन पोरं जगवणारी बाई मला आमच्या अख्ख्या तालुक्यात दाखवा. ज्यांना दाखला मिळतो त्यासुद्धा कुठंतरी राबतातच की. अटच अशी, की गरिबालाही खोटं बोलायला लावते.

मग जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथं मर्यादा अडीच लाखांची. अंगणवाडीत फॉर्म भरला आणि 1500 सुरू झाले. माझ्या जावेलाही तेवढेच, दीर कमावता असून. तिला मिळू नयेत असं मी म्हणत नाही. पण निराधारचे 1500 घेणारीला लाडकीचे मिळत नाहीत. मग विधवा म्हणून सरकारनं मला वेगळं काय दिलं? केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी! 2025 मध्ये ती आली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार टाका, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल. नवऱ्याचं सिम कधीच बंद पडलेलं आणि वडील माझ्या लग्नाआधीच गेलेले. पुढं मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्या म्हणून सुधारणा झाली, पण तोवर आमच्या गल्लीतल्या एकट्या बायकांच्या पोटात गोळा आला होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाल संगोपन योजना. एक पालक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2250 रुपये, 2023 पर्यंत 1100 होते. मला दोघांचे मिळून 4500 मिळतात. तिन्हींत मोठी रक्कम हीच, आणि दहाव्याला आलेल्या एकाच्याही तोंडी हिचं नाव नव्हतं! मला मुलीच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला (यावर मात्र मी खरा आकडा लिहिला आणि तो चालला), आणि घरासमोर आई-मुलांचा एकत्र फोटो. फोटोत दार दिसलं पाहिजे. आमच्या धाकट्यानं त्यासाठी दिवाळीचा शर्ट घातला, मी म्हटलं काढ रे, ऑफिसातल्या बाई म्हणतील यांचं बरं चाललंय. नंतर गृहभेट होते, मग मुलांना घेऊन बाल कल्याण समितीपुढं बसायचं, त्यांचा आदेश निघाल्यावर पैसे. ते दरमहा येतील या भरवशावर शाळेच्या रिक्षावाल्याला शब्द देऊ नका. कधी चार-पाच महिने काहीच नाही, मग एकदम जमा.

घटस्फोटित किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या मुलांनाही ही योजना आहे. आणि कुणी ‘साहेबांशी ओळख आहे, दोन हजार द्या’ म्हणालं तर देऊ नका. अर्ज फुकट आहे.