वार चुकवला नव्हता

ओपीडी अर्ध्यावर आली होती तेव्हा कॅज्युअल्टीतून फोन आला. “तुमच्या संधिवाताच्या पेशंट आहेत. जुलाब-उलट्यांनी आल्यात. दोन लिटर सलाईन गेलं, बीपी काही वर येत नाही. येऊन बघता का?” ड्यूटीवरचा डॉक्टर नवा होता, पण नेमकी खटकणारी गोष्ट त्याने बरोबर हेरली होती. जुलाबाचा पेशंट एवढ्या सलाईननंतर थोडा तरी सावरतो. हातातला केसपेपर तसाच ठेवून मी खाली गेलो.

काकूंना मी सहा वर्षं ओळखतो. पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे दोन तास त्यांची बोटं मिटत नसत, वेणी मुलगी घालून द्यायची. आता सगळं स्वतः करतात. आठवड्यातून एकदा संधिवाताचं मुख्य औषध, मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी फोलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सकाळी प्रेडनिसोलोन, पाचाची दीड गोळी. ही दीड गोळी चार वर्षं चालली होती. दोनदा कमी करायला घेतली, दोन्ही वेळा मनगटं सुजली, आणि मग पुढे तो विषय मीच लांबवत गेलो. रिपोर्ट चांगले, पेशंट खूश, बाहेर रांग. तेच लिहून द्यायचं आणि पुढचा केसपेपर ओढायचा, अशी सवय लागते.

त्या दिवशी काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बीपी ७६/४०. साखर ५८. हाक मारली की डोळे उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. सोडियमचा रिपोर्ट नुकताच आला होता, १२२, बरंच कमी. पोटॅशियम मात्र ठीक होतं.

“घरच्या गोळ्या चालू आहेत ना?” मी मुलीला विचारलं.

“सगळ्या. आई एकही चुकवत नाही, डॉक्टर. मीच आणून देते.”

ती खोटं बोलत नव्हती. तिने पिशवीच पुढे केली. मी पलंगाच्या कडेला सगळी पाकिटं उलटी केली. हे काम सिस्टरांनी करावं असं म्हणतात. मला ते स्वतः करायला आवडतं. पाकिटं खूप बोलतात. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या हिशेबाने संपलेल्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं पाकीट अर्ध्यावर. वेदनाशामक गोळ्यांचं एक पाकीट निघालं, जे मी लिहून दिलेलं नव्हतं. त्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. आणि प्रेडनिसोलोनच्या पाकिटात एका फोडलेल्या घरात अर्धी गोळी होती. कडा झिजलेली, हवा लागून पिवळट पडलेली, बोट लावताच भुगा झाला.

रोज दीड गोळी घेणाऱ्याकडे आज उरलेली अर्धी उद्या सकाळी संपते. तिला पिवळं पडायला वेळच मिळत नाही.

“काकू, ही कधीपासून बंद केलीत?”

डोळे न उघडताच त्यांनी तीन बोटं वर केली. मग म्हणाल्या, “तीन आठवडे.” मुलगी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की ही गोळी म्हणजे स्टिरॉइड, हाडं पोखरते, साखर वाढवते. सांगणाऱ्याचं चूक नव्हतं. हाडं ठिसूळ होतातच, मोतीबिंदू लवकर होतो, साखर आणि बीपी वाढतं. म्हणून तर ती शक्य तितकी कमी आणि शक्य तितके कमी दिवस द्यायची असते. पण ती कशी सोडायची, ते सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं. खरं तर मीही नव्हतं.

मी कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घ्यायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यायला लावलं. सोबत ग्लुकोज. ड्यूटी डॉक्टर थबकला. “सर, इन्फेक्शन असताना स्टिरॉइड?” शंका रास्त होती. त्याला उभ्या उभ्याच सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. आपल्याला रोज लागणारं कॉर्टिसॉल त्या बनवतात, प्रेडनिसोलोनच्या भाषेत साधारण पाच मिलिग्रॅमच्या आसपास. बाहेरून रोज गोळी येऊ लागली की मेंदूकडून या ग्रंथींना जाणारा हुकूम बंद होतो आणि त्या झोपी जातात. गोळी अचानक थांबली तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत, कधी कधी महिने लागतात. एरवी माणूस कसंबसं रेटतो. ताप, जुलाब, ऑपरेशन असं काही आलं की शरीराला नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल हवं असतं, आणि तिजोरीत तर काहीच नसतं. पोटॅशियमचा तोल याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक राखतं. ते मेंदूच्या या हुकुमावर फारसं अवलंबून नसतं, म्हणून पोटॅशियम ठीक राहतं. तो लिहून घेऊ लागला. मी म्हटलं, आधी इंजेक्शन.

याच कुळातल्या कॉर्टिसोनने १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या पेशंटला काही दिवसांत उभं केलं होतं. १९५० साली त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं. विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी नेहमी रंगवून सांगतो. औषध थांबवल्यावर दुखणं परत आलं आणि दुष्परिणाम हळूहळू समोर आले, हा उत्तरार्ध सांगायला तास पुरत नाही.

इंजेक्शन गेलं आणि मला दुसरीच शंका आली. “काकू, मेथोट्रेक्सेट शेवटची कधी घेतलीत?”

आता त्यांनी डोळे उघडले. “परवा. गुरुवारी.” आणि जरा अभिमानानेच, “वार चुकवला नाही.”

जुलाब बुधवारपासून चालू होते. लघवी जेमतेम होत होती. स्टिरॉइड सुटल्यावर सांधे दुखायला लागले म्हणून वरून वेदनाशामक गोळ्या. मेथोट्रेक्सेट अंगातून बाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. अंगातलं पाणी आटलेलं, त्यात वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळलेला, म्हणजे ते आतच साचत राहणार. रिपोर्ट आले, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.१. दोन महिन्यांपूर्वी ०.८ होतं. पांढऱ्या पेशी घसरून ३१००. टॉर्च लावून तोंडात पाहिलं, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दोन ताजे व्रण.

त्यांच्या जुन्या केसपेपरवर लाल शाईत माझंच अक्षर होतं: फक्त गुरुवारी. वार चुकवू नये.

ही लाल शाई उगाच आलेली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ आठवड्याची गोळी रोजची समजून नऊ दिवस सलग घेत राहिले. आले तेव्हा तोंडभर फोड, पाणीही गिळवत नव्हतं, पांढऱ्या पेशी ९००. वाचले, पण तीन आठवडे वॉर्डात काढले. तेव्हापासून मी वाराचं नाव लिहितो, अधोरेखित करतो, पेशंटकडून तीनदा म्हणवून घेतो. जास्त घेण्याची भीती माझ्या मनात इतकी घट्ट बसली होती की वार कधी चुकवायचा, हे सांगायचंच राहून गेलं.

चुकवायचा तर असतो. ताप, जुलाब, उलट्या, अँटिबायोटिक लागेल असं इन्फेक्शन असलं की मेथोट्रेक्सेट थांबवायचं आणि बरं वाटल्यावर सुरू करायचं. एक-दोन आठवडे गेले तरी सांध्यांचं काही बिघडत नाही. काही अँटिबायोटिकं तर, विशेषतः ट्रायमेथोप्रिम असलेली, याच्याबरोबर अजिबात चालत नाहीत. आणि त्याच आजारपणात स्टिरॉइडचं नेमकं उलटं: ते थांबवायचं नाहीच, काही दिवस दुप्पट करायचं, आणि उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता इंजेक्शनसाठी यायचं. एक थांबवायची, दुसरी वाढवायची. काकूंनी दोन्ही उलट केलं होतं. एक भीतीपोटी, दुसरं माझ्या शब्दापोटी.

वेदनाशामक बंद केलं, मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फॉलिनिक अ‍ॅसिड सुरू केलं (फोलिक नव्हे, ड्रग चार्टवर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडलेले मी पाहिलेत), दर सहा तासांनी हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम. संध्याकाळी राउंडला गेलो तेव्हा बीपी १०४ होतं आणि काकू उशीला टेकून बसल्या होत्या. सकाळी हाकेला जेमतेम डोळे उघडणारी बाई मुलीला पांघरूण नीट घडी घालायला सांगत होती. झोपलेल्या ग्रंथींच्या पेशंटमध्ये हे दिसतं, तरी प्रत्येक वेळी मी पलंगाशी जरा जास्त वेळ रेंगाळतो. कॉर्टिसॉलचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. नगण्य.

मुलगी दाराशी आली. “आता ती गोळी जन्मभर का?”

नाही, असं मी म्हणालो. सोडायच्या गोळ्यांत तिचाच नंबर पहिला, फक्त उतरायचं पायरी-पायरीने. मेथोट्रेक्सेटचा विचार त्यानंतर, आणि तोही सांधे निदान सहा महिने पूर्ण शांत राहिले तर, एकदम बंद करून नव्हे तर मात्रा कमी करत. एवढं करूनही बऱ्याच जणांचं दुखणं उलटतं, तेही तिला सांगितलं.

दहा दिवसांनी घरी गेल्या. महिन्याभरात क्रिएटिनिन जागेवर आलं, पेशी वर आल्या, मेथोट्रेक्सेट कमी मात्रेने पुन्हा सुरू झालं. नव्या केसपेपरवर लाल शाईखाली आता आजारपणाच्या चार ओळी आहेत, आणि स्टिरॉइडवर असल्याचं एक कार्ड त्यांच्या पर्समध्ये. प्रेडनिसोलोन पाचपर्यंत नीट उतरलं, पुढे महिन्याला एक मिलिग्रॅम कमी. तीनवर गेलो तेव्हा उजवं मनगट सुजलं, म्हणून सध्या चारवर थांबलोय. खुर्चीत बसायच्या आधी काकू सगळी पाकिटं टेबलावर उलटी मांडतात आणि म्हणतात, “मोजा.”